पानगळीत जर्मनी: किल्ले, जंगल आणि छोटी गावं एकाच खोऱ्यात कशी बघावीत

प्रश्न पुण्याहून आला आहे. नवरा-बायको, नऊ वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आठ दिवसांसाठी जर्मनीत येणार. जुने किल्ले, रंग बदललेलं जंगल आणि लहान गावं बघायची, मोठी शहरं नकोत. यादीत नॉयश्वानस्टाइन, रोथेनबुर्ग, हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनवरची बोट आणि बुर्ग एल्ट्स असं सगळं आहे. गाडी चालवणार नाही, घरात सगळे शाकाहारी, आणि सासूबाईंचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात. तर हे सगळं जमेल का?

ताई, जमणार नाही, आणि जमवायचा हट्टही धरू नका. मी बारा वर्षं कोब्लेन्ट्सला राहते आणि दर पानगळीत आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना या भागात फिरवते. तुमच्यासारखी यादी घेऊन आलेल्यांचे निम्मे दिवस रेल्वेच्या फलाटावर जातात. घरी परतल्यावर त्यांना आठवतात ती स्टेशनं. जंगल खिडकीतून बघितलेलं असतं, आणि किल्ला पार्किंगपासून तिकीटखिडकीपर्यंतच्या रांगेतून.

माझं सांगणं एकच आहे. एक खोरं निवडा, दोन ठिकाणी मुक्काम करा, आणि किमान एका किल्ल्यावर जंगलातून चालत जा. इथं किल्ला, त्याच्याभोवतीचं जंगल आणि पायथ्याचं गाव या तीन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. किल्ल्याची चूल जंगलाच्या लाकडावर पेटायची, वाइन गावच्या उतारावरून यायची, आणि त्या किल्ल्याच्या भरवशावर गाव तट बांधून बसायचं. तिन्ही एका दिवसात, पायी बघितलं की ते आपोआप समजतं.

मी ज्या खोऱ्याबद्दल बोलतेय ते मोझेल नदीचं, आणि ती कोब्लेन्ट्सला जिला मिळते त्या ऱ्हाइनचा जवळचा पट्टा. फ्रँकफर्ट विमानतळावरून कोब्लेन्ट्स दीड-दोन तासांवर आहे. येताना माइन्त्सवरून डाव्या तीरानं जाणारी गाडी घ्या आणि उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. बिंगेन सोडलं की नदी त्या बाजूला येते आणि कोब्लेन्ट्सपर्यंत जवळपास प्रत्येक वळणावर एक किल्ला दिसतो. बिंगेन-र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेन्ट्सपर्यंतचा हा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रवासानं थकलेल्या सासूबाईंनाही पहिल्याच दिवशी बसल्या जागी एवढं बघायला मिळेल.

यादीतली दोन नावं काढायला मी का सांगते, तेही स्पष्ट करते. नॉयश्वानस्टाइन सुंदर आहे, पण त्याचा पाया १८६९ मध्ये घातला गेला. मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्यानंतर सोळा वर्षांनी. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचं ते मध्ययुगाबद्दलचं स्वप्न आहे, मध्ययुग नव्हे. तुम्ही लिहिलंय 'जुने किल्ले', म्हणून तो या खेपेला नको. आणि ब्लॅक फॉरेस्ट मुख्यतः स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांचं. त्या गर्द सावलीवरूनच त्याला काळं अरण्य म्हणतात. ही झाडं पानगळीत रंग बदलत नाहीत. रंग हवा असेल तर बीच, ओक, हॉर्नबीम, मेपल यांचं जंगल हवं, आणि ते इथं आयफेल आणि हुन्सऱ्युक या मोझेलच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत भरपूर आहे. स्प्रूसबद्दल आणखी एक: २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी जर्मनीतली स्प्रूसची लागवड उभीच्या उभी वाळवली. हार्त्स डोंगरात तर डोंगरच्या डोंगर करडे झाले आहेत. पानगळ बघायला म्हणून गेलेली माणसं ते बघून हबकतात. इथंही काही माथ्यांवर असे तुकडे दिसतील. एकाच जातीची झाडं रांगेत लावून केलेल्या जंगलाचं काय होतं, ते लेकीला तिथं जरूर दाखवा.

आता तारखा, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते. बीचला रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून चढतो, आधी पिवळा, मग तांब्याच्या भांड्यासारखा. द्राक्षमळे महिनाअखेरीला पिवळे होतात, ओक सगळ्यात उशिरा. म्हणजे १५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा उत्तम पंधरवडा. आपल्याकडची माणसं मात्र मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत येतात, आणि दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. बुर्ग एल्ट्स १ नोव्हेंबरनंतर हिवाळ्यासाठी बंद होतो तो थेट वसंतात उघडतो. मी अगदी पहिल्या वर्षी एका कुटुंबाला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं घेऊन गेले होते. दीड तास चालून आम्ही बंद दरवाजासमोर उभे राहिलो. त्यांच्यातल्या आजोबांनी दरवाजाला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही परत फिरलो. तेव्हापासून मी कुणाचंही विमानाचं तिकीट निघण्याआधी दिवाळीची तारीख विचारते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी सूर्य सहा-साडेसहाला मावळतो, त्यानंतर सव्वापाचच्या सुमारास, आणि दरीत तर त्याआधीच अंधारून येतं. घड्याळं बदलेपर्यंत सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो. मोझेलवर सकाळी दाट धुकं बसतं, ते दहा-अकरापर्यंत हलत नाही. पाहुणे खिडकीतून ते बघून निराश होतात आणि पांघरूण ओढून घेतात. तसं करू नका. धुकं दरीत असतं, वर माथ्यावर स्वच्छ ऊन पडलेलं असतं. अर्धा तास चढलात की खाली दुधासारखी नदी आणि तुम्ही उन्हात.

निघण्याआधी इथल्या किल्ल्यांबद्दल एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बघताना डोळा तयार असेल. आपण मराठी माणसं किल्ला म्हटलं की राजगड-रायगड डोळ्यांसमोर आणतो. विस्तीर्ण माची, बालेकिल्ला, पाण्याची टाकी, अंबरखाना, हजारोंच्या शिबंदीची सोय. इथले बुर्ग, म्हणजे किल्ले, त्या मापानं लहान आहेत. राजगडाच्या एका माचीवर इथले कित्येक बुर्ग मावतील. हे एकेका सरदार घराण्याचं तटबंदीचं घर. मग इतके जवळजवळ का? कारण नदी हा व्यापाराचा हमरस्ता होता आणि त्या काळी इथं एका सत्तेचं राज्य नव्हतं. प्रत्येक सरंजामदार, प्रत्येक बिशप आपापल्या तुकड्यावर जकात घ्यायचा. काउबजवळ ऱ्हाइनच्या ऐन मध्यावर, खडकाळ बेटावर उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन हा तर जकातीसाठीच बांधलेला किल्ला. चौदाव्या शतकात उभा राहिला आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत जकात घेत होता. गाडीतून तो नक्की दिसेल, दगडी जहाज नांगरून ठेवल्यासारखा.

दुसरी खूणगाठ १६८९ या सालाची. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी त्या वेळच्या युद्धात हा सगळा मुलूख जाळला आणि किल्ले सुरुंगानं उडवले. मोझेल-ऱ्हाइनवर तुम्ही कुठल्याही किल्ल्यासमोर उभ्या राहा आणि विचारा, '१६८९ मध्ये याचं काय झालं?' उत्तरं तीनच मिळतात. काही वाचले, काही पडले ते पडलेच, आणि काही दीड-दोनशे वर्षांनी हौशी श्रीमंतांनी पुन्हा बांधले. या तिन्ही तऱ्हांचा एकेक बघितला तरी पुरे आहे. चौदा किल्ले बघून जे कळत नाही ते या तिनांत कळतं.

वाचलेल्यांतला अव्वल तो बुर्ग एल्ट्स, आणि तुमच्या आठ दिवसांतला एक अख्खा दिवस मी त्यालाच देईन.

कोब्लेन्ट्सहून ट्रियरच्या दिशेनं जाणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी घेऊन मोझेलकर्नला उतरायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. गाव ओलांडून एल्ट्सबाख नावाच्या ओढ्याच्या काठानं वर चालत जायचं. सुरुवातीला डांबरी रस्ता आहे, पूर्वीच्या पाणचक्कीच्या इमारतीनंतर तो संपतो आणि जंगल सुरू होतं. एकूण पाच किलोमीटर, दीड तास, बहुतेक वाट सपाट, शेवटी तेवढा चढ. नऊ वर्षांची मुलगी आरामात चालेल, फक्त तिला ओढ्याशी खेळायला वेळ द्या.

या वाटेवर दोन गोष्टी जवळून बघा. पहिली, उतारावरचे ओक. नीट बघितलंत तर एकेका बुंध्यातून तीन-चार, कधी पाच बारीक खोडं फुटलेली दिसतील. ती तशी उगवलेली नाहीत. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे ओक पंधरा-वीस वर्षांनी बुडापासून तोडत. साल सोलून कातडी कमवायला विकत, लाकूड चुलीत जाई, आणि त्याच बुंध्यातून पुन्हा कोंब फुटत. कातडी कमवायची रसायनं बाजारात आली, सालीचा धंदा बसला, आणि शेवटच्या तोडीनंतरचे कोंब तसेच वाढत राहिले. म्हणजे ज्याला आपण रान म्हणतो ते कुणाचं तरी शेत होतं. एखाद्या बुंध्याभोवती लेकीला हात धरून फिरवा आणि खोडं मोजायला सांगा.

दुसरी, पायाखालचे तपकिरी चेंडू. म्हणजे चेस्टनट. इथं ते दोन प्रकारचे पडलेले असतात आणि फरक कळलाच पाहिजे. खायच्या चेस्टनटचं कवच साळिंदरासारखं बारीक, दाट काट्यांचं असतं, आणि आतल्या बीला एका टोकाला चोच असते, चोचीवर छोटीशी शेंडी. घोडचेस्टनटच्या कवचावर जाड, विरळ काटे असतात, आतली बी गोल गुळगुळीत, शेंडी नाही. ती विषारी. मुलांनी खिशात भरायला चालेल, तोंडात घालायला नाही. जंगलात पायी फिरायचा हक्क जर्मनीत कायद्यानंच सगळ्यांना दिलेला आहे, पण अळंब्यांना मात्र हात लावू नका. इथले जाणकारही कधीकधी फसतात.

मग एका वळणावर झाडं बाजूला होतात आणि समोर उंच खडकावर एल्ट्स. ओढ्यानं तीन बाजूंनी वेढलेला, निमुळत्या छपरांचा, लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचा, एकावर एक घरं रचल्यासारखा. वरच्या पार्किंगकडून येणाऱ्यांना तो पायाखाली खेळण्यासारखा दिसतो. चालत येणाऱ्यांना मान वर करून बघावा लागतो, आणि पूर्वी पायी येणाऱ्या माणसाला तो कसा वाटत असेल ते त्याच क्षणी कळतं.

हा किल्ला साडेआठशे वर्षांहून जास्त काळ एकाच घराण्याकडे आहे, आजही. आणि मराठी माणसाला तो चटकन समजतो तो त्यातल्या भाऊबंदकीमुळे. तेराव्या शतकात एल्ट्स भावांच्यात वाटण्या झाल्या, पण किल्ला कुणी सोडेना. मग एकाच तटाच्या आत तीन शाखांनी आपापली घरं बांधली. र्‍यूबेनाख, रोडेनडॉर्फ आणि केम्पेनिश. वाडा एक, चुली तीन. दरवाजा, पहारा, दुरुस्तीचा खर्च, भांडण झालं तर काय करायचं, हे सगळं लेखी कराराने ठरलेलं असे. म्हणूनच तो इतका दाटीचा आणि उंच आहे. जागा वाढवायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक शाखा वर चढत गेली. चौकात उभ्या राहून वर बघा, कुठलं घर कुठल्या भावाचं ते वेगवेगळ्या बांधणीवरून ओळखू येतं.

आत मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. पाऊण तासाच्या आतबाहेर वेळ लागतो आणि फोटो काढू देत नाहीत, ते एका परीनं बरंच. सरदारांच्या बैठकीच्या दालनात भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत आणि दाराच्या वर एक कोरलेलं गुलाब. मुखवट्यांचा अर्थ, इथं मनात येईल ते बोलायची मुभा आहे. गुलाबाचा अर्थ, या दारातून बाहेर पडलात की आतलं आतच ठेवायचं. तीन चुलींचं घर साडेआठशे वर्षं कसं टिकलं, त्याचं मला या दारात दरवेळी थोडंसं उत्तर मिळतं.

१६८९ मध्ये हा वाचला त्याचंही कारण घरातलंच. एल्ट्स घराण्यातला हान्स आन्टोन हा फ्रेंच सैन्यात वरिष्ठ अधिकारी होता. उडवायच्या किल्ल्यांच्या यादीतून त्यानं आपलं घर वगळवलं. त्याआधी १३३१ पासून ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डुइननं याला काही वर्षं वेढा घातला होता. समोरच्या उंचवट्यावर त्यानं मुद्दाम एक छोटा किल्ला बांधला आणि तिथून दगडी गोळे फेकले. त्या ट्रुट्सएल्ट्सचे अवशेष पायवाटेनं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. किल्ला बघून झाल्यावर तिथं जा. वेढा घालणाऱ्याच्या डोळ्यांनी एल्ट्स दिसतो, आणि सगळ्यात चांगला फोटोही तिथूनच येतो.

आता सासूबाई. त्यांना पाच किलोमीटर चालवू नका आणि हॉटेलवर एकट्याही ठेवू नका. त्या दिवशी टॅक्सी आधी ठरवून त्यांना आणि तुमच्यापैकी एकाला वरच्या पार्किंगपर्यंत सोडा, तिथून किल्ल्यापर्यंत छोटी बस ये-जा करते. उरलेले दोघं मोझेलकर्नहून चालत या आणि चौकात भेटा. आतल्या फेरीत जिने बरेच आहेत. त्यांना झेपणार नसेल तर चौक, पूल आणि उपाहारगृहातली उन्हाची जागा एवढ्यावरही त्यांचा दिवस छान जाईल. किल्ला साडेनऊला उघडतो. शनिवार-रविवार आणि ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी टाळा, आणि पहिल्या तासात आत जा. अकरानंतर रांग लागते.

दुसरी तऱ्हा पुन्हा बांधलेल्यांची. त्यासाठी कोखेम. दुसरा मुक्काम मी तिथंच सुचवेन, कारण रेल्वे आहे आणि राहायची सोयही भरपूर आहे. गावावरचा राइश्सबुर्ग दुरून अगदी परीकथेतला दिसतो. मूळचा १६८९ मध्ये उडवला गेला, आज दिसतो तो बर्लिनच्या राव्हेने नावाच्या उद्योगपतीनं १८६८ मध्ये अवशेष विकत घेऊन बांधवला, १८७७ मध्ये पुरा झाला. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत माणसाला मध्ययुग कसं असावंसं वाटत होतं, ते त्यात दिसतं. एल्ट्सनंतर दुसऱ्या दिवशी तो बघा. दगड जास्त सरळ, दालनं जास्त नटवी, आणि कुणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या जगलं-भांडलं नाही हे जाणवतं. एक तास पुरतो.

तिसरी तऱ्हा पडलेल्यांची, आणि त्यासाठी कोखेमहून बोटीनं बाइलश्टाइनला जा. बोटी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतात. तासाभराच्या प्रवासात बोट जलपाशातून वर चढते. पाणी भरून बोट उचलली जाते ते बघायला मुलांना फार आवडतं, सासूबाईंनाही आवडेल. बाइलश्टाइनची वस्ती दीडशेच्या आसपास, रेल्वे नाही, गल्ल्या हातगाडी जेमतेम जाईल एवढ्या. वर मेटरनिख किल्ल्याचा पडका बुरूज, तोही १६८९ मध्येच उडवलेला. संध्याकाळी पर्यटक परतले की गाव एकदम शांत होतं. उतारावरच्या द्राक्षमळ्यांत पायाखाली पाटीचा दगड पसरलेला दिसेल. आपल्या जुन्या शाळेच्या पाटीचा, तोच. दिवसभराचं ऊन तो धरून ठेवतो आणि रात्री वेलींना देतो. इतक्या उत्तरेला चांगली द्राक्षं येतात यात त्याचा मोठा वाटा आहे. सूर्य मावळताना मळ्याच्या दगडी बांधावर हात ठेवून बघा, उबदार लागतो.

कोखेमहून एडिगर-एलरला एकदा गाडीनं जा, फक्त गंमत म्हणून. नदी वीसेक किलोमीटरचं वळण घेते, आणि गाडी ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट पलीकडे निघते.

कोब्लेन्ट्सच्या मुक्कामात दोन दिवस ऱ्हाइनला द्या. ब्राउबाखवरचा मार्क्सबुर्ग मला एल्ट्सनंतर सगळ्यात प्रिय. मध्य ऱ्हाइनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी कधीच उद्ध्वस्त न झालेला हा एकटा. १९०० पासून जर्मन किल्ले संघटनेच्या ताब्यात आहे आणि वर्षभर उघडा असतो. तेव्हा तुमच्या तारखा नोव्हेंबरात गेल्या तर एल्ट्सची जागा याला द्या. एल्ट्स घर आहे, मार्क्सबुर्ग गड. दरवाजे एकामागोमाग, तोफांचा मोर्चा, खडकात खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या, ज्यांवरून घोडे चढत. स्वयंपाकघरात चुलीवर अख्खा बैल मावेल एवढं धुरांडं आहे. आणि औषधी वनस्पतींची बाग. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी तुमची लेक इथं तासभर प्रश्न विचारेल, याची तयारी ठेवा. सासूबाईंसाठी मात्र त्या पायऱ्या खरंच अवघड आहेत, ओल्या दिवशी तर नकोच. त्यांनी खाली ब्राउबाखच्या लाकडी घरांच्या गल्लीत कॉफी घेत बसावं.

बाखाराखला तटावरून चालता येतं आणि वर श्टालेक किल्ल्यात युवकांचं वसतिगृह आहे. गावावर लाल दगडाच्या, छप्पर नसलेल्या एका सुंदर गॉथिक देवळाच्या कमानी उभ्या आहेत, वेर्नर चॅपेल. सगळे तिथं फोटो काढतात. पण त्या कमानींची कथा क्रूर आहे. १२८७ मध्ये वेर्नर नावाचा मुलगा मेला, आरोप ज्यूंवर खोटाच ठेवला गेला, आणि ऱ्हाइन-मोझेलवरच्या ज्यू वस्त्यांमध्ये कत्तली झाल्या. त्या मुलाला संत मानून हे चॅपेल बांधलं. १९६३ मध्ये ट्रियरच्या बिशपक्षेत्रानं त्याचं नाव दिनदर्शिकेतून काढून टाकलं. आज तिथं त्याबद्दलची पाटी आहे. लेकीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण पाटी वाचल्याशिवाय तिथून हलू नका. छप्पर गेलं ते १६८९ मध्ये, वरचा श्टालेक उडवला तेव्हा कोसळलेल्या दगडांनी.

एक दिवस मोनरेआलला ठेवा. आयफेलमधलं, एल्ट्सबाखच्याच काठचं गाव, त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. दगडी पूल, दोन्ही काठांना लाकडी पट्ट्यांची घरं, वर दोन पडके बुरूज. चढण ओकांमधून. ज्या पाण्याच्या काठानं तुम्ही एल्ट्सला चालत गेलात तेच इथं घरांच्या पायाशी वाहतं, हे लेकीला आठवण करून द्या. अँडरनाखहून छोटी गाडी जाते.

आणि सासूबाईंचा असा खास एक दिवस लाखर झेचा. साधारण १३ हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटानं झालेलं तळं, भोवती बीचचं जंगल, काठावर १०९३ मध्ये स्थापन झालेला मारिया लाखचा मठ, सहा मनोऱ्यांचा. तळ्याभोवतीची वाट साधारण आठ किलोमीटर आणि बहुतेक सपाट. पूर्वेच्या काठाशी पाण्यातून बुडबुडे येत राहतात. तो जमिनीखालून येणारा कार्बन डायऑक्साइड. ज्वालामुखी पूर्ण झोपलेला नाही याची खूण. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा माणसानं डोळ्यांनी बघितलेला. मठाजवळच्या बाकावर बसलं तर बीचची पानं अंगावर गळतात, त्याचा कोरडा आवाज येतो. गेल्या वर्षी माझ्याबरोबर आलेल्या एक काकू तिथं दोन तास बसल्या होत्या. त्यांना उठवावंसं वाटेना.

खाण्याचं. शाकाहारी म्हटल्यावर 'फेगेटारिश' एवढंच म्हणून थांबू नका. सूपचं पाणी मांसाचं असू शकतं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे श्पेक, इथं भाजीत सहज पडतात. 'ओने श्पेक', श्पेकशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. हंगामातला भोपळ्याचा सूप, बटाट्याचे किसून तळलेले थालीपिठासारखे राइबेकूखेन सफरचंदाच्या गराबरोबर, केझेश्पेत्स्ले म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, एवढ्यावर आठ दिवस निघतात. कांद्याचा त्स्वीबेलकूखेन दिसायला शाकाहारी, असतो बहुधा श्पेकचा. विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याच्याबरोबर पितात ती आंबत असलेली ताजी वाइन, फेडरवाइसर, फक्त याच दिवसांत मिळते. घेतलीत तर बाटली उभीच धरा. आत आंबणं चालू असल्यानं झाकण घट्ट नसतं, आडवी ठेवली तर बॅग भिजते. मुलीला आणि सासूबाईंना ताजा द्राक्षरस मागवा, तो तितकाच चांगला.

गावांत सोमवार-मंगळवार बरीच उपाहारगृहं बंद असतात, रविवारी आणि १ नोव्हेंबरच्या सार्वजनिक सुट्टीला दुकानं बंद. थर्मासमध्ये चहा आणि पोळीभाजीचा डबा जवळ ठेवला की अडत नाही. जंगलात बाकावर बसून मेतकूट-पोळी खाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा दिवस सगळ्यांत चांगला गेलेला असतो. चौघांसाठी त्या-त्या राज्याचं एका दिवसाचं गटाचं तिकीट मिळतं, ऱ्हाइनलँड-फाल्त्सचं घ्या, सगळ्या स्थानिक गाड्या आणि बस त्यात येतात. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांसाठीचा प्रवासपास मिळतो का तेही विचारा, मोझेलवर बऱ्याच ठिकाणी देतात.

बूट हे शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या पाटीच्या दगडावर ओली बीचची पानं म्हणजे तेल सांडल्यासारखं. गुळगुळीत तळाचे बूट नकोत, सासूबाईंसाठी एक चालायची काठी इथंच कोब्लेन्ट्सला घेऊ. जंगलातून आल्यावर पायांवर, गुडघ्यामागे गोचीड चिकटली आहे का ते बघा. थंडी कडक होईपर्यंत त्या असतात. आणि वाटेवर शिकारीची सूचना देणारी पाटी, 'ट्राइबयाग्ड', दिसली तर त्या दिवशी वाट बदला. ऑक्टोबरअखेरपासून रानडुकरांसाठी हाकारे निघतात.

तुमच्या विमानाच्या तारखा आणि सासूबाईंना एका दमात किती जिने चढवतात, हे दोन्ही कळवा. मग कुठल्या दिवशी एल्ट्स ठेवायचा ते सांगते, बाकीचे दिवस त्याच्याभोवती लावू.